टिकलीचं बटण

डॉक्टरांकडं किस्से लई असतात, असं लोक म्हणतात. खोटंय. किस्से वॉर्डाकडं असतात. डॉक्टर येतात-जातात, सिस्टर लग्न होऊन पुण्याला जातात, पडद्यांचा रंग बदलतो. किस्सा मात्र जागचा हलत नाही. नवीन माणूस कामाला लागला की तिसऱ्या दिवशी चहाबरोबर त्याला एक किस्सा मिळतो, आणि महिनाभरात तोच माणूस तो किस्सा असा सांगायला लागतो, जणू त्याच्या डोळ्यांसमोर घडला.

मी मूळची लातूरची, आता नांदेडात. लहान मुलांच्या एका दवाखान्यात आयसीयू सांभाळते. लेकराला श्वास घेता येईना झाला की घशातून नळी घालून त्याला मशीनवर ठेवायचं, हे आमचं काम. नळी घालताना सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. नळी काढायची म्हटलं की नातेवाईक पेढ्याची ऑर्डर देतात, आणि आम्ही तेव्हा दुसरी नळी जवळ काढून ठेवतो. लेकराची श्वासाची वाट आधीच करंगळीपेक्षा बारीक. नळी घासून घासून ती आतून सुजलेली असते. नळी आहे तोवर वाट उघडी. काढली की सूज वाट अडवू शकते. मग लेकरू श्वास आत घेतं तेव्हा जुनं दार उघडल्यासारखा करकर आवाज येतो. तो वेळेवर ऐकू आला तर वाफेतून औषध देऊन निभावतं. उशीर झाला तर परत नळी. आणि सुजलेल्या घशात परत नळी घालणं काय असतं, ते मला विचारू नका.

मला हे सगळं एवढं आठवतंय ते गौरीमुळं. सहा वर्षांची पोर, इस्लापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. जमिनीवर झोपली होती, मण्यार चावली. मण्यारीच्या विषानं अंग लुळं पडतं, श्वाससुद्धा घेता येत नाही, पण लेकराला आतून सगळं कळत असतं. आणली तशी नळी घातली. चार दिवसांनी हातात ताकद आली, आणि त्या ताकदीचा पहिला उपयोग तिनं काय केला? स्वतःच्या हातानं नळी उपसून काढली. घसा सोलवटला. परत घालावी लागली. दोन दिवसांनी आम्ही रीतसर काढली, तर अर्ध्या तासात घसा बंद. परत घातली.

आमच्या मोठ्या सरांनी तिच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी एकदा बघू. ह्या वेळी नाही जमलं, तर गळ्याला पुढून छिद्र पाडून तिथं नळी बसवावी लागेल."

वडील बालाजी, तिशीतला शेतकरी. त्यानं एकच विचारलं. "मग बोलंल का ती?"

"काही दिवस आवाज येणार नाही."

"किती दिवस?"

सरांना ते सांगता येईना. बालाजीनं मान हलवली आणि म्हणाला, "घरी लई बडबडी हाय, म्हणून इचारलं."

तिसऱ्या वेळेचा दिवस ठरला. सूज उतरायचं औषध आदल्या संध्याकाळपासून चालू केलं, नळी दुसऱ्या दिवशी चार वाजता काढायची. सकाळपासून बालाजी स्टुलावर बसून होता. चहा नको, भाकर नको. पोरीची आई चार महिन्यांच्या तान्ह्याला घेऊन गावी अडकलेली. आमच्या हेड सिस्टर शोभाताई, हिमायतनगरच्या. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, ह्याला बोलण्यात गुतवा. न्हाईतर पोरीच्या आधी ह्योच आडवा पडंल."

म्हणून त्या दिवशी आम्ही दोघींनी आळीपाळीनं त्याला वॉर्डातले किस्से सांगितले. ते तुम्हालाही सांगते.

*

पहिला माझ्याच फजितीचा. शोभाताईंनी मुद्दाम तोच आधी काढला.

आम्ही दोघी तेव्हा लातूरला एका दवाखान्यात होतो. माझी पहिली नोकरी, आणि नवीन डॉक्टरला असतो तेवढा ताठा. दीड वर्षांच्या एका लेकराच्या श्वासनळीत शेंगदाणा अडकला होता. तो काढला, दोन दिवसांनी मशिनची नळीही काढली. लातूरचा मे महिना. वॉर्डात हा एवढा मोठा कूलर, मळणीयंत्रासारखा धडधडत होता. मी छातीला स्टेथोस्कोप लावला न लावला आणि फाईलवर ऐटीत लिहिलं, 'श्वास व्यवस्थित.'

शोभाताई उठल्या. गेल्या आणि कूलर बंद केला.

वॉर्ड शांत झाला आणि त्या शांततेत दार करकरायला लागलं. दर श्वासाला. लेकराच्या बरगड्यांखाली खड्डे पडत होते आणि मी सही करत होते.

वाफ दिली, मांडीवर उंच धरलं, अर्ध्या तासात आवाज उतरला. लेकरू वाचलं. मग शोभाताईंनी कूलर परत चालू केला, पेन उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मॅडम, आता लिहा."

त्या दिवसापासून आमचा नियम आहे. नळी काढायच्या आधी शोभाताई वॉर्डात उभं राहून हुकूम सोडतात: "पंखा बंद, मोबाईल बंद, तोंड बंद." मग सगळा वॉर्ड एका लेकराचा श्वास ऐकतो.

बालाजीनं विचारलं, "म्हंजे गौरीच्या मागच्या येळी पंखा त्याच्यासाठी बंद केल्ता?"

"हाव," शोभाताई म्हणाल्या.

*

नांदेडला आल्यावर हा नियम आमच्या गंगाधरमामांना शिकवायला लागला. मामा वॉर्डातले जुने मदतनीस, रिटायरमेंटला आलेले, आणि अतिशय तत्पर. तत्पर माणसाची मला भीतीच वाटते.

पहिल्याच वेळी शोभाताई म्हणाल्या, "पंखा बंद." मामा बोर्डाकडं धावले. बोर्डावर आठ बटणं, सगळी एकसारखी. मामांनी पहिलं दाबलं, ट्यूबलाईट गेली. दुसरं दाबलं, घशातली लाळ ओढायचं मशीन बंद पडलं. तिसऱ्याकडं बोट गेलं तेव्हा मी जे काही बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही. श्वासाच्या मशिनचं बटण होतं ते! बॅटरी असते, काही झालं नसतं, पण माझ्या काळजाला बॅटरी नाही ना.

शोभाताईंनी शांतपणे कपाळावरची लाल टिकली काढली आणि पंख्याच्या बटणावर चिकटवली. "मामा, ज्याला कुंकू लागलंय तेवढंच दाबायचं. बाकीच्यांना हात लावायचा न्हाई."

मशिनचे प्लग आम्ही त्याच आठवड्यात वेगळ्या बोर्डावर घेतले, पण टिकली राहिली. झिजली की शोभाताई नवीन लावतात. एकदा तपासणीला एक साहेब आले. बोर्डाजवळ थांबले, चष्मा वर केला. "हे काय आहे?"

मामा पुढं झाले. "साहेब, आमच्या पंख्याचं लगीन झालंय."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते अजून आम्हाला कळलेलं नाही.

*

मग उदगीरचे आप्पा. किराणा मालाचे जुने व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं सावकाश, मध्येच एखादा कानडी शब्द. नातवाला डोक्याला मार लागून नळी घातली होती. नळी काढायचं ठरलं तसे आप्पा माझ्याकडं आले.

"बाई, आमच्या स्वामींना इचारून यळ काढतो. त्याच यळंला काढा."

मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "आप्पा, आम्ही पंचांग बघून नळी काढत नाही."

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी टेबलावरचा कागद बघितला, ज्यावर मी सूज उतरायच्या इंजेक्शनच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. "मग हे काय हाय?"

"औषध. काल संध्याकाळी सहा, रात्री बारा, सकाळी सहा, आणि दुपारी बारा. तेवढे चार डोस झाले की काढायची."

"आधी काढली तर?"

"सूज पुरती उतरलेली नसते. चालत नाही."

"आसं," आप्पा म्हणाले. "म्हंजे तुमचाबी मुहूर्तच की."

शोभाताई पडद्याआड जाऊन हसल्या. दुसऱ्या दिवशी आप्पा परत आले, स्वामींनी बारा चाळीस सांगितलं होतं. आम्ही बरोबर बारा चाळीसलाच काढली. त्याचं कारण वेगळं होतं. नळीच्या बाजूनं थोडी हवा सुटते का, हे आधी ऐकायचं असतं. हवा सुटली म्हणजे वाट मोकळी. ते दोनदा तपासण्यात वेळ गेला. पण हे आप्पांना कोण पटवणार? नातू बोलायला लागल्यावर ते मला म्हणाले, "बाई, तुमचं पंचांगबी बरं हाय. थोडं मागं-पुढं होतंय, पर बरं हाय."

बालाजी ह्या किश्श्याला जरा हसला. मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अडीच वाजले होते.

*

नळी निघाली तरी चार-सहा तास तोंडातून काही द्यायचं नसतं. घसा बधिर असतो, घोट चुकून श्वासात जातो. आणि नळी परत घालायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. हे लोकांना सांगून सांगून आमचाच घसा बसतो. "नुसतं एक घोट पाणी, मॅडम." "चहात बुडवून पाव बिस्कीट, मॅडम." लेकरू पाणी मागत असतं आणि आपण नाही म्हणायचं, हे सोपं नाही. मी तापट आहे, पण त्या वेळी मलाही ओरडवत नाही.

विष्णुपुरीकडची एक बाई होती. दोन वर्षांचं पोरगं, नळी सकाळी दहाला निघालेली. तिला सांगितलं, दुपारी चारपर्यंत पाणीसुद्धा नाही. ती म्हणाली, "बरं." एकदाही मागितलं नाही. आम्ही दोघी खूश, अशी समजूतदार आई रोज मिळो.

तीन वाजता ती धप्पकन पडली.

डोळे उघडल्यावर कळलं, तिनंही सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी चिडले. "अहो बाई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं उपाशी राहायला?"

ती म्हणाली, "लेकरू माझ्याकडं बघून राहिलंय. त्याच्यासमोर कसं पिऊ?"

"बाहेर जाऊन प्यायचं."

"मी बाहीर गेले तर ते रडंल. रडू देऊ नका म्हणलात ना तुम्ही."

खरंच, मीच म्हटलं होतं. लेकरू रडलं की सुजलेला घसा आणखी सुजतो. मग बाईला शेजारच्या खाटेवर सलाईन लावलं. चार वाजता शोभाताईंनी पोराला पहिला चमचा पाणी दिला आणि दुसरा त्याच्या आईला. म्हणाल्या, "एका खाटेचा पगार मिळतो मला, आन् पेशंट दोन झालेत."

मी त्या दिवसापासून नातेवाइकांना सांगताना एक वाक्य वाढवलंय: 'तुम्ही मात्र जेवून घ्या.' बालाजीला हे सांगितलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. शोभाताईंनी डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. ज्वारीची भाकर आणि वरण्याची उसळ. त्यानं अर्धी भाकर खाल्ली.

*

रडू द्यायचं नाही, म्हणजे आई किंवा वडील जवळ हवेत. एकदा आई बाळंतीण, म्हणून वडील आले. झेडपी शाळेतले गुरुजी. पोरगा आठ वर्षांचा. गुरुजी खाटेजवळ असे उभे, जणू वर्गात परीक्षा चालू आहे. शोभाताई म्हणाल्या, "गुरुजी, लेकरासंगं काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"घरी जे बोलता ते."

गुरुजी घाबरलेले. ते घरी बहुतेक एकच गोष्ट बोलत असावेत, कारण त्यांनी पाढे सुरू केले. हळू आवाजात, लेकराच्या केसांवरून हात फिरवत. बे, तीन, चार. पंखा बंद, वॉर्ड शांत, आणि गुरुजींचे पाढे. नळी निघाली. पोरगा वडिलांकडं टक लावून बघत होता. मी गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत होते. साताचा पाढा आला.

"सात साते अठ्ठेचाळीस," गुरुजी म्हणाले.

पोरानं मान हलवली. नाही.

गुरुजींना कळलंच नाही. "सात साते अठ्ठेचाळीस. सात आठे..."

"एकोणपन्नास," पोरगा म्हणाला. आवाज बसलेला, फाटका, पण स्वच्छ.

गुरुजी खाली स्टुलावरच बसले. नंतर मला म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांच्या नोकरीत पाढा कधी चुकलो नाही. आज चुकलो, लई बरं वाटलं."

हा किस्सा संपला तेव्हा बालाजीनं हातातलं पाणी खाली ठेवलं. "गौरीला पाढे न्हाई येत अजून," तो म्हणाला. "पर गप्प बसवत न्हाई तिला. मोटरसायकलवर बसली तर हिमायतनगर येईस्तोवर बोलती. मी कवाकवा म्हणायचो, बाय, जरा दम खा."

एवढं बोलून त्यानं परत घड्याळाकडं पाहिलं.

*

चार वाजायला दहा मिनिटं होती. औषधाचे डोस झाले होते. नळीभोवतीची हवा ऐकली. मागच्या वेळी काहीच आवाज नव्हता, ह्या वेळी बारीक फुसफुस आली. सरांना फोन करून सांगितलं, ते येऊन उभे राहिले. वाफेचं औषध भरून ठेवलं. एका ट्रेमध्ये परत घालायची नळी, पहिल्यापेक्षा एक माप बारीक. तो ट्रे बालाजीला दिसू नये म्हणून शोभाताईंनी त्याच्यावर हिरवं कापड टाकलं.

मग शोभाताई वॉर्डात उभ्या राहिल्या. "पंखा बंद..."

मामा बोर्डाकडं निघाले आणि मॉनिटर ओरडायला लागला. गौरीच्या हृदयाचे ठोके भराभर वाढत चालले होते. डोळ्यांतून पाणी. हाताला तिनं नळी उपसू नये म्हणून कापडी मोजे घातले होते, ते दोन्ही हात ती गादीवर आपटत होती.

"दुखतंय तिला," मी म्हटलं. "झोपेचं थोडं..."

"थांबा मॅडम." शोभाताई गौरीच्या तोंडाजवळ वाकल्या. पोर त्यांच्याकडं बघत नव्हती. मामांच्या हाताकडं बघत होती. त्या हातापुढं टिकली.

"बाय, मी इचारते. हाव असंल तर डोळे मीट. दुखून राहिलंय का?"

डोळे उघडेच.

"पंखा बंद करतो म्हणून भ्यालीस का?"

गौरीनं डोळे घट्ट मिटले.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मागच्या वेळी पंखा थांबला, आणि मग तिचा घसा बंद झाला. आम्हाला सूज माहीत होती. तिला पंखा माहीत होता. आठ दिवस ती पोर छताकडं बघत पडली होती. तिच्या हिशेबानं तिचा श्वास त्या पंख्यानं बंद केला होता.

लातूरच्या त्या कूलरपासून शोभाताईंनी हा नियम एकदाही मोडलेला नव्हता. सरांसाठी नाही, कोणासाठीच नाही. एकदा एका मंत्र्याच्या भाच्याचा फोन वाजला तर त्यांनी फोन काढून घेतला होता.

त्या म्हणाल्या, "मामा, मागं सरका. पंखा राहू द्या."

"ऐकू कसं येणार?" मी विचारलं.

"तुम्ही गळ्याला स्टेथोस्कोप लावा. मी कान लावते." मग बालाजीकडं वळल्या. "तुम्ही त्या बोर्डासमोर जाऊन उभं ऱ्हावा. टिकलीला पाठ लावून. कोणी हात लावायचा न्हाई, मीबी न्हाई. पोरीला दिसलं पायजे."

बालाजी जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरून, जणू कोणी त्याच्यावर चालून येणार आहे. गौरीनं त्याच्याकडं पाहिलं. ठोके हळूहळू उतरले.

मी नळी काढली.

शोभाताईंनी गौरीच्या ओठांजवळ कान नेला आणि डोळे मिटून घेतले. पंखा आपला वर घरघरत होता. मी गळ्यावर ऐकत होते. पहिल्या पाच मिनिटांत बारीक करकर आली, मी शोभाताईंकडं पाहिलं, त्यांनी बोटानं खूण केली. त्यांनाही ऐकू आली होती. वाफ सुरू केली. पोरीला उंच बसवलं. सर घड्याळ बघत होते. वीस मिनिटं झाली. मागच्या वेळी तीसला बंद पडलं होतं. तीस झाली. चाळीस. करकर आधी बारीक झाली, मग अधूनमधून, मग मला ऐकू येईना. मी शोभाताईंना विचारलं, त्यांनी मान हलवली. त्यांनाही येत नव्हती.

तरी कोणी जागचं हललं नाही. पाच वाजले. सहा वाजले. बाहेर पाऊस लागला होता, खिडकीतून गार वारा येत होता, आणि वर पंखा. शोभाताईंची कंबर वाकून वाकून दुखायला लागली असणार. बालाजी हात पसरून तसाच उभा होता, दोन तास. हात खाली घे म्हणून मामांनी दोनदा सांगितलं. त्यानं घेतले नाहीत.

साडेसहाच्या सुमारास गौरीनं तोंडावरचा वाफेचा मास्क कापडी मोज्यानं बाजूला ढकलला.

"बाबा," ती म्हणाली. आवाज खरखरीत, अगदी बारीक. "पंखा बंद कर की. थंडी वाजून राहिली."

नळी काढल्यावर पहिल्या दिवशी लेकराला बोलायला लावायचं नाही, हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते. त्या वेळी तो नियम मी मोडू दिला.

बालाजी वळला. त्यानं टिकलीवर बोट ठेवलं. दाबलं नाही.

"आनिक एक डाव म्हण, बाय."